मेनूकार्ड मोबाईलवर आलं, पण वेटर कुठे गेला?

प्रश्न : आमचं चौदा टेबलांचं हॉटेल आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते. आठ महिन्यांपूर्वी भाच्याच्या आग्रहावरून टेबलांवर क्यूआर कोड लावले. कोड स्कॅन केला की आमचं छापील मेनूकार्ड जसंच्या तसं मोबाईलवर उघडतं आणि शेवटच्या पानावरच्या लिंकवरून ऑर्डर देता येते. गर्दीच्या वेळी वेटरची धावपळ वाचेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात निम्मी माणसं दोन मिनिटं मोबाईलशी झटापट करतात आणि मग हात वर करून वेटरला बोलावतात. वयस्क गिऱ्हाइकं तर कोडकडे बघतही नाहीत. दोनदा एकाच टेबलाची ऑर्डर डबल आली. एकदा संपलेला पदार्थ मागवला गेला, आणि नाही म्हणताना आमचीच मान खाली गेली. आता एक कंपनी नवं सॉफ्टवेअर घ्या म्हणून मागे लागली आहे. त्यात मोठमोठे फोटो आहेत, हलणारी चित्रं आहेत. घ्यावं का? आणि डिजिटल मेनू नीट झाला की छापील कार्ड बंद करून टाकू का?
— एक हॉटेलचालक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. ‘मग हात वर करून वेटरला बोलावतात.’ तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलं आहे, पण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्या वर झालेल्या हातात आहेत. वेटर जवळ गेल्यावर ती माणसं त्याला काय विचारतात, हे तुम्ही शेजारी उभं राहून ऐकलं आहे का?

छापील कार्ड एकटं कधीच काम करत नव्हतं. त्याच्या शेजारी वेटर उभा असायचा. कार्डावर नाव आणि किंमत, बाकी सगळं त्याच्या तोंडी. हे दोघांना पुरेल का? लवकर काय मिळेल? यात शेंगदाणे आहेत का? मुलासाठी कमी तिखट काय आहे? या दोन सूपांमध्ये फरक काय? वेटर उत्तर द्यायचा आणि माणूस निश्चिंत होऊन ऑर्डर द्यायचा. तुम्ही कार्ड मोबाईलवर नेलं आणि वेटरला बाजूला केलं. म्हणजे जोडीतला कमी बोलणारा तेवढा टेबलावर ठेवला. माणसं हात वर करतात ती मोबाईल येत नाही म्हणून नव्हे. त्यांना जे विचारायचं आहे त्याचं उत्तर त्या पडद्यावर नाही म्हणून.

म्हणून पहिलं काम सॉफ्टवेअरचं नाहीच. प्रत्येक वेटरच्या खिशात एक छोटी वही द्या. आठवडाभर गिऱ्हाईक जे जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आणि तोच प्रश्न पुन्हा आला तर त्यापुढे एक काडी मारायची. गर्दीत लिहायला जमणार नाही, तर टेबल रिकामं झाल्यावर लिहू दे. मी गेली काही वर्षं अशा मेनूंची आखणी करतो आणि दर वेळी सुरुवात याच वहीपासून करतो, कारण आठवड्याच्या शेवटी तेच ते मोजके प्रश्न पुन्हापुन्हा आलेले दिसतात. ते प्रश्न म्हणजेच तुमच्या डिजिटल मेनूचा आराखडा. प्रत्येक पदार्थाच्या नावाखाली एक ओळ, आणि त्या ओळीत सगळ्यात जास्त काड्या पडलेल्या प्रश्नांची उत्तरं.

ती ओळ लिहिणं हे कौशल्याचं काम आहे आणि ते कंपनीवर सोपवू नका. कंपनीचा माणूस ‘अप्रतिम चवीचा’, ‘जिभेवर विरघळणारा’ असं काहीतरी लिहून देईल. त्यातून भुकेल्या माणसाला काहीच कळत नाही. मुख्य जिन्नस काय, तळलेलं की भाजलेलं, तिखट किती, किती जणांना पुरेल, आणि वेळ लागणार असेल तर किती, एवढं लिहा. दहा-पंधरा शब्दांत बसतं. ‘एकाला पोटभर, दोघांना थोडं थोडं. तयार व्हायला २० मिनिटं.’ अशी ओळ वाचली की वेटरला हाक मारायचं एक कारण कमी होतं. तुमच्या सगळ्यात जुन्या वेटरला समोर बसवा, एकेका पदार्थाचं नाव घ्या आणि तो गिऱ्हाइकाला काय सांगतो ते लिहून काढा. त्याच्यापेक्षा चांगला लेखक तुम्हाला मिळणार नाही.

आता तुमच्या सध्याच्या व्यवस्थेबद्दल. छापील कार्डाची फाईल तशीच मोबाईलवर टाकणं हा फार जणांकडून होणारा घोटाळा आहे आणि त्याचं गणित साधं आहे. ए-फोर आकाराचा कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो, मोबाईलचा पडदा साधारण ७ सेंटिमीटर. म्हणजे तुमचं कार्ड एक तृतीयांश होतं. कागदावर १२ पॉइंटचं असलेलं अक्षर मोबाईलवर ४ पॉइंटचं दिसतं. मग माणूस दोन बोटांनी ते मोठं करतो, डावीकडे सरकवतो, उजवीकडे सरकवतो, नाव एका बाजूला आणि किंमत दुसऱ्या बाजूला, आणि आपण कुठे होतो हेच विसरतो. ती फाईल कागद स्कॅन करून बनवली असेल तर दृष्टिहीन माणसाच्या मोबाईलमधलं वाचून दाखवणारं साधन तिच्यातून धड काहीच वाचू शकत नाही, कारण त्याच्या लेखी तिथे अक्षरं नाहीत, नुसतं चित्र आहे. ती फाईल काढून टाका. तिच्या जागी साधं वेबपान हवं, ज्यातला मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप मांडला जाईल. ॲप डाउनलोड करायला लावू नका, आणि मेनू दाखवण्याआधी मोबाईल नंबर मागू नका. दारातून आत आलेल्या माणसाला तुम्ही नाव-गाव विचारून मग कार्ड देत नव्हता.

‘वयस्क गिऱ्हाइकं कोडकडे बघतही नाहीत’ हे वाचून मला माझी मावशी आठवली. तिचं वय ७१. दिवसभर मोबाईल वापरते, नातवंडांशी व्हिडिओवर बोलते, विजेचं बिल स्वतः भरते. एकदा आम्ही बाहेर जेवायला गेलो. तिथला मेनू मोबाईलवर होता, फिकट पिवळ्या पार्श्वभूमीवर राखाडी, बारीक अक्षरं. तिने चष्मा वर-खाली केला, थोडा वेळ बघितलं आणि मोबाईल पालथा ठेवून म्हणाली, ‘तूच मागव काहीतरी.’ जिला आयुष्यभर स्वतःच्या आवडीचं निवडून खायला आवडलं, ती बाई निवड सोडून देते, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आजही असा मेनू दिसला की तो पालथा ठेवलेला मोबाईल डोळ्यांसमोर येतो.

चाळिशीनंतर डोळ्यांच्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचं बारीक दिसणं अवघड जातं. हे सगळ्यांचंच होतं. त्यात हॉटेलातला संध्याकाळचा उजेड मंद असतो. म्हणून अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान कुठेच नको, पदार्थाचं नाव त्याहून मोठं. वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावा असं सांगितलं आहे. तो मोजून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. कंपनीला सांगा, आकडा दाखवा. गडद अक्षरं आणि फिकट पार्श्वभूमी ठेवलीत तर मोजायची वेळही येणार नाही. मोबाईलमध्ये कुणी मुळातच अक्षर मोठं करून ठेवलं असेल, तर तुमचं पान ते मानतं का हेही तपासा. पुष्कळ पानं ते मानत नाहीत किंवा विस्कटतात.

एक गोष्ट खास आपल्या लिपीची. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात. रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या चौकटीत आपली अक्षरं ओतली की वरची मात्रा कापली जाते, खालचा उकार बटणाच्या कडेत अडकतो. ओळींमधलं अंतर अक्षराच्या किमान दीडपट ठेवायला सांगा आणि बटणांवरचे शब्द स्वतः वाचून बघा. मेनू दोन-तीन भाषांत असेल तर भाषा बदलायची सोय अगदी वर, आणि प्रत्येक भाषेचं नाव त्याच भाषेच्या लिपीत. झेंडे नकोत, झेंडा देशाचा असतो, भाषेचा नाही.

बोटांचंही तसंच. ॲपल बटणासाठी ४४ पॉइंट रुंदी-उंची सुचवतं, अँड्रॉइडवर ४८ एकक, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. वेबपानांच्या त्याच आंतरराष्ट्रीय निकषांच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या आवृत्तीत किमान २४ पिक्सेल म्हटलं आहे, पण ती अगदी खालची पायरी झाली. जेवायला बसलेल्या माणसाचा एक हात मुलाला सांभाळत असतो किंवा बोटं ओली असतात. अधिक आणि उणे ही दोन बटणं एकमेकांना चिकटून असतील तर एकाऐवजी दोन मागवले जातील आणि वाद तुमच्या काउंटरवर येईल. मोठी करा, लांब ठेवा.

आता मेनूची मांडणी. तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल की सातपेक्षा जास्त विभाग करू नका, माणसाच्या मेंदूत सातच गोष्टी मावतात. या म्हणण्याचं मूळ जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या १९५६ सालच्या लेखात आहे. तो लेख एका वेळी किती गोष्टी ध्यानात धरता येतात याबद्दल होता. तुमचा मेनू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आहे. त्याला काहीच पाठ करायचं नाही. त्यामुळे नऊ विभाग लागत असतील तर नऊ ठेवा. फक्त त्यांची नावं वाचता क्षणी कळली पाहिजेत. ‘आमची खासियत’ या नावाखाली काय असेल याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. आणि विभागांची पट्टी पडद्याच्या वरच्या बाजूला कायम दिसत राहिली पाहिजे. तीन आडव्या रेघांच्या चिन्हामागे लपवली तर निम्म्यांना ती असल्याचं कळणारच नाही.

सगळे पदार्थ एकाच लांब पानावर असावेत की प्रत्येक विभागाचं वेगळं पान, यावर मतभेद आहेत. माझं मत लांब पानाच्या बाजूने आहे. माणूस मेनू पुस्तकासारखा क्रमाने वाचत नाही. वर जातो, खाली येतो, मघाशी पाहिलेलं पुन्हा बघतो, शेजारच्याला दाखवतो. दर वेळी आत जा, मागे या, परत आत जा, यात तो थकतो. पानावरून बोट फिरवलं की वरच्या पट्टीत आपण कुठल्या विभागात आहोत ते उजळत राहावं, एवढं पुरे. पदार्थ बरेच असतील तर शोधायची चौकटही द्या, आणि ती शुद्धलेखनाबाबत उदार असू दे. लोक एकच नाव देवनागरीत, रोमनमध्ये, ऱ्हस्व-दीर्घ कसंही लिहितात. त्या चौकटीतलं अक्षरही १६ पिक्सेलपेक्षा कमी नको, कारण कमी असलं की आयफोन टाइप करताना सगळं पानच मोठं करतो आणि गिऱ्हाईक गोंधळतं.

शाकाहारी-मांसाहारी किंवा तिखटपणा दाखवायला नुसते रंगीत ठिपके वापरू नका. लाल आणि हिरवा यांतला फरक न दिसणारी माणसं, विशेषतः पुरुष, तुमच्याकडे रोज येत असतील. ठिपक्याशेजारी शब्दही लिहा.

ॲलर्जीबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण इथे चूक झाली तर माणसाच्या जिवावर बेतते. युरोपीय संघाच्या नियमांत १४ प्रकारच्या जिन्नसांची माहिती गिऱ्हाइकाला देणं बंधनकारक आहे: शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, तीळ, मोहरी वगैरे. अमेरिकेच्या यादीत नऊ आहेत आणि तीळ त्यात २०२३ पासून आले. तुमच्याकडे जो नियम लागू असेल तो पाळाच, पण नियम नसला तरी यादी करा. ती मुख्य आचाऱ्याबरोबर बसून करायची, पाकिटांवरचे जिन्नस वाचून, अंदाजाने नाही. तेल बदललं, तयार मसाल्याचा पुरवठादार बदलला की यादी बदलली पाहिजे, आणि ते कोण बदलणार त्या माणसाचं नाव ठरलेलं हवं. ‘यात दूध आहे’ असं लिहिणं सोपं आहे; ‘यात दुधाचा अंशही नाही’ असं लिहायचं असेल तर भांडी, तेल, कालथा सगळं वेगळं लागतं. ते नसेल तर तसा दावा करू नका. या माहितीच्या शेजारीच ‘वेटरशी बोला’ असं बटण द्या. काही प्रश्न माणसानेच ऐकून उत्तर द्यायचे असतात.

कंपनीच्या मोठमोठ्या फोटोंबद्दल: हलणारी चित्रं मुळीच घेऊ नका. शेजारी काहीतरी हलत असताना वाचणं अवघड जातं आणि डेटाही जळतो. फोटो ठेवा, पण सगळ्यांचे नकोत. ज्या पदार्थाचं नाव ऐकून डोळ्यांसमोर काहीच येत नाही, त्याला फोटो हवा. तो तुमच्याच ताटलीचा, तुम्ही जेवढं वाढता तेवढ्याच वाढणीचा, दिवसा खिडकीजवळ काढलेला. दुसरीकडून उचललेला देखणा फोटो लावला तर समोर आलेली ताटली बघून माणूस मनातून हिरमुसतो आणि पुन्हा येत नाही. तांत्रिक बाजूने दोन अटी घाला. आधी मजकूर दिसला पाहिजे, फोटो मागाहून येऊ देत. आणि फोटोची जागा आधीपासून राखलेली हवी. नाहीतर फोटो उगवला की पान खाली सरकतं आणि बोट भलत्याच पदार्थावर पडतं. पडद्यावरच्या प्रतीक्षेबद्दल वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी १९९३ साली मांडलेले टप्पे आजही उपयोगी आहेत: सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. तुमचं पान दहा सेकंद घेत असेल तर हात वर होणारच. तपासायचं कुठे? सगळ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर, वायफाय बंद करून, कर्मचाऱ्यांपैकी ज्याचा मोबाईल सगळ्यात जुना असेल त्याच्यावर.

आता डबल ऑर्डरकडे येऊ, कारण खरं घोडं इथे पेंड खातं. डबल ऑर्डर हा एक आजार नाही, दोन आहेत आणि त्यांची औषधं वेगळी आहेत.

पहिला प्रकार असा: माणसाने ‘ऑर्डर द्या’ दाबलं, नेटवर्क अडखळलं, पडद्यावर काहीच हललं नाही, त्याने पुन्हा दाबलं. याचं औषध दोन ठिकाणी लागतं. बटण दाबताक्षणी त्याचा रंग बदलला पाहिजे, त्यावर ‘पाठवत आहोत’ असं आलं पाहिजे आणि ते दुसऱ्यांदा दाबलं जाता कामा नये. शिवाय प्रत्येक ऑर्डरला मोबाईलवरच एक वेगळा क्रमांक मिळायला हवा, म्हणजे तीच ऑर्डर दोनदा पोचली तरी तुमची यंत्रणा ती एकच समजेल. कंपनीला हे थेट विचारा: ‘एकच ऑर्डर दोनदा येऊन पोचली तर तुमचं सॉफ्टवेअर काय करतं?’ ज्याला याचं उत्तर सरळ देता येत नाही, त्याच्याकडून सॉफ्टवेअर घेऊ नका.

दुसरा प्रकार माणसांचा आहे. टेबलावर चौघं बसलेत. नवऱ्याने ऑर्डर दिली, बायकोला ते कळलंच नाही, तिनेही दिली. यावर उपाय म्हणजे टेबलाची यादी एकच हवी. त्या टेबलाचा कोड जो कुणी स्कॅन करेल त्याला दिसलं पाहिजे की या टेबलावरून ८ वाजून १० मिनिटांनी तीन पदार्थ गेले आहेत, हे हे. आणि ते गिऱ्हाईक उठून गेलं, बिल झालं की यादी कोरी झाली पाहिजे. नाहीतर पुढच्या माणसाला आधीच्याचं जेवण दिसेल.

ऑर्डर गेल्यावर नुसतं ‘धन्यवाद’ पुरत नाही. वेटर ऑर्डर घेतल्यावर ती मोठ्याने परत वाचून दाखवतो, ती पद्धत फार शहाणपणाची आहे. पडद्यानेही तेच करावं: टेबल क्रमांक, पदार्थ, नग, वेळ, आणि ‘स्वयंपाकघरात पोचली’ हे शब्द. मात्र ते शब्द आत केओटी, म्हणजे स्वयंपाकघरासाठीची ऑर्डरची चिठ्ठी, खरोखर छापली गेल्यावरच यावेत. प्रिंटरमधला कागद संपलेला असताना मोबाईलवर ‘पोचली’ असं दिसणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं होय.

ऑर्डर देण्यापूर्वीच्या पायऱ्या मी थोडक्यात सांगतो. निवडलेल्या पदार्थांची संख्या आणि एकूण रक्कम पडद्याच्या तळाशी सतत दिसावी. मध्येच फोन आला, पान बंद झालं, मागे जायचं बटण दाबलं गेलं, तरी यादी पुसली जाऊ नये. हाफ की फुल असा एकच पर्याय निवडायचा असेल तिथे गोल खूण, अनेक निवडता येत असतील तिथे चौकोनी. ‘मीठ कमी’ असं लिहायची जागा जरूर द्या, पण आचारी ती सूचना वाचणार असेल तरच. केओटीवर ती ठळक छापली जात नसेल तर ती जागाच काढून टाका. आणि ताई, एक विनंती मनापासून करतो. जादा पैशांची कुठलीही गोष्ट, एक्स्ट्रा टॉपिंग असो की टीप, आधीपासून टिक केलेली ठेवू नका. कर आणि इतर आकार शेवटच्या पडद्यावर अचानक उगवू देऊ नका. कंपनी म्हणेल याने बिल वाढतं. वाढेलही. पण तुमच्या वडिलांनी गिऱ्हाइकाचा जो विश्वास कमावला, त्यातून ती रक्कम वजा होत राहील.

संपलेल्या पदार्थाचा प्रश्न तंत्राचा कमी आणि सवयीचा जास्त. आत एखादी गोष्ट संपली हे आधी आचाऱ्याला कळतं. तिथून गिऱ्हाइकाच्या पडद्यापर्यंत बातमी जायला किती पायऱ्या लागतात ते मोजा. आचाऱ्याने काउंटरला सांगायचं, काउंटरने संगणक उघडायचा, पासवर्ड टाकायचा, यादीत शोधायचं, तर गर्दीत ते कुणीही करणार नाही. काउंटरवरच्या मोबाईलवर एका टिचकीत ‘संपलं’ होता आलं पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपोआप परत चालू झालं पाहिजे. गिऱ्हाइकाला तो पदार्थ त्याच्या जागीच, फिका, ‘आज संपलं’ असा दिसू दे. गायब केला तर नेहमीची माणसं तो शोधत बसतात किंवा तुम्ही बंदच केला असं समजतात. एखाद्याने तो आधीच यादीत घेतला असेल तर ऑर्डर पाठवण्यापूर्वी त्याला सांगा. तुमची मान खाली गेली ती नंतर सांगावं लागलं म्हणून.

आणि तो कोड. क्यूआर कोड १९९४ साली जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवला. कारखान्यातल्या तेला-धुळीत तो वाचता यावा म्हणून त्यात चूक सुधारण्याची सोय आहे. सगळ्यात वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचला जातो. त्यामुळे डागांची फारशी काळजी नको. काळजी चकाकीची करा. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचं प्रतिबिंब पडलं की कॅमेऱ्याला काही दिसत नाही, म्हणून मॅट लॅमिनेशन घ्या. जितक्या अंतरावरून स्कॅन करायचं त्याच्या दहाव्या भागाएवढा तरी कोड असावा, म्हणजे टेबलावर किमान ३ ते ४ सेंटिमीटर. चारही बाजूंना पांढरी मोकळी जागा सोडा. प्रत्येक टेबलाचा कोड वेगळा, म्हणजे टेबल क्रमांक गिऱ्हाइकाला भरावा लागणार नाही. खाली साध्या शब्दांत लिहा: ‘मेनू बघा आणि इथूनच ऑर्डर द्या’. त्याखाली टाइप करता येईल असा छोटा पत्ता. रोज सकाळी टेबलं पुसणाऱ्याला प्रत्येक कोडवर एकदा बोट फिरवायला सांगा. फसवणुकीसाठी वरून दुसरा कोड चिकटवण्याचे प्रकार होतात.

तर कंपनीचं काय करायचं? करारावर सही करू नका. आधी वही भरा, ओळी लिहा. मग त्यांना म्हणा, आमचाच मेनू टाकून नमुना दाखवा. तो घेऊन पाच जणांना बसवा, ज्यांनी तो आधी पाहिलेला नाही अशा. त्यात साठीपुढचे किमान दोन असू देत. मोठे दोष सापडायला एका फेरीत पाच माणसं पुरतात, असं नीलसन यांनीच २००० साली मांडलं आणि माझाही अनुभव तोच आहे. त्यांना काम द्या: ‘दोघांचं जेवण मागवा, त्यातल्या एकाला दूध चालत नाही.’ मग शेजारी गप्प बसा. तुमच्या हॉटेलात आलेला माणूस अडखळतोय आणि तुम्ही मदत करायची नाही, हे तुम्हाला जड जाईल. तरी बसा. बोट कुठे थांबलं, कपाळावर आठी कुठे पडली, तेवढं लिहा. ते दुरुस्त करवून घ्या आणि नव्या पाच जणांना बसवा. दुसऱ्या फेरीतही दूध न चालणाऱ्याला योग्य पदार्थ सापडत नसेल, तर ते सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं नाही, मग फोटो कितीही सुंदर असोत.

राहिला छापील कार्डाचा प्रश्न. बंद करू नका. चौदा टेबलांना पाच-सहा कार्डं काउंटरवर पुरतील. ज्याने कोडकडे बघितलं नाही, त्याला त्याने मागण्याआधी कार्ड द्यायचं, हे वेटरांना सांगून ठेवा. मागायला लागणं काही जणांना कमीपणाचं वाटतं. दोन्हीकडे नावं, क्रम आणि किंमती एकच हव्यात, म्हणून किंमत बदलाल तेव्हा आधी एकाच यादीत बदला आणि दोन्ही गोष्टी तिच्यावरून करा. वेटरांच्या वहीतून आलेली ती एकेक ओळ कार्डावरही छापा. आणि नवी कार्डं छापायला टाकाल तेव्हा छापखान्याला सांगा, अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको. पानं वाढली तर वाढू देत.